धुळीतला माग

नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची एक चपटी तबकडी फिरत असते. तिच्या वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम शंभरात एक. बाकी बहुतेक सगळा हायड्रोजन आणि हीलियम. ग्रह याच तबकडीतून घडतात. वायू विरून जाण्याआधी, म्हणजे काही लाख ते एखादा कोटी वर्षांच्या अवधीत, गुरूसारख्या राक्षसी ग्रहांना आपले पोट भरून घ्यावे लागते. हे करताना ते तबकडीलाही धड ठेवत नाहीत. तिच्यात फटी पाडतात, धुळीची कडी बांधतात, तिला मुरड घालतात, वायूच्या प्रवाहाला वळण लावतात. या खुणांवरून न दिसणाऱ्या ग्रहाचा माग काढण्याची विद्या गेल्या पन्नासेक वर्षांत आकाराला आली. तिची वाट सरळ नव्हती. आधी गणित आले, मग धूळ दिसली, मग ग्रह सापडल्याच्या घोषणा झाल्या, त्यांतल्या काही मागे घ्याव्या लागल्या. आणि स्वतःच पाडलेल्या पोकळीत वाढणारा ग्रह निःसंशय दिसायला 2018 साल उजाडावे लागले.

सूर्यमाला एका फिरत्या, फिरता फिरता चपट्या झालेल्या ढगातून घडली, हे इमॅन्युएल कांटने 1755 मध्ये आणि पिएर सिमों लाप्लासने 1796 मध्ये मांडले होते. सगळे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत आणि एकाच दिशेने सूर्याभोवती फिरतात, याचा दुसरा सरळ अर्थ लागत नव्हता. पण तसा ढग दुसऱ्या ताऱ्याभोवती कोणी पाहिलेला नव्हता. आणि तयार झालेला ग्रह त्या ढगाचे पुढे काय करतो, या प्रश्नाचे उत्तर आले ते भलत्याच वाटेने, युरेनसच्या कड्यांवरून.

10 मार्च 1977 रोजी युरेनस एका अंधुक ताऱ्यासमोरून जाणार होता. जेम्स इलियट यांचा अमेरिकी गट दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर घिरट्या घालत होता. तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी 1 मीटर व्यासाच्या दुर्बिणीला डोळा लावून होते. ग्रह ताऱ्याला झाकण्याआधीच ताऱ्याचा प्रकाश क्षणभर दबला. कावलूरला तो नवा उपग्रह वाटला आणि तशी नोंद ‘नेचर’मध्ये छापूनही आली. ग्रहाच्या दोन्ही बाजूंना प्रकाश कुठे कुठे दबला ते जुळवून पाहिल्यावर मात्र युरेनसला शनीसारखी कडी असल्याचे ठरले. ही कडी विलक्षण अरुंद होती. बरीचशी तर काही किलोमीटर रुंदीचीच, आणि कडा सुरीने कापल्यासारख्या. कोडे इथेच होते. एकमेकांवर आदळत फिरणारे कण हळूहळू पसरायला हवेत, कडे विसकटायला हवे. ते बांधून कोणी ठेवले?

पीटर गोल्डराइक आणि स्कॉट ट्रेमेन यांनी 1979 मध्ये उत्तर दिले: कड्याच्या आत एक आणि बाहेर एक, असे दोन छोटे उपग्रह. कळप पांगू न देणाऱ्या मेंढपाळाचे नाव त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी व्हॉयेजर 1 या यानाला शनीच्या एका बारीक कड्याच्या दोन बाजूंना प्रोमिथिअस आणि पँडोरा सापडले, आणि 1986 मध्ये व्हॉयेजर 2 ला युरेनसपाशी कॉर्डिलिया आणि ओफिलिया.

गुरुत्वाकर्षण ओढते, ढकलत नाही. मग उपग्रह कणांना दूर कसे सारतो, हा प्रश्न साहजिक आहे. सगळा विषय याच मुद्द्यावर उभा असल्याने तो नीट पाहायला हवा. आतल्या कक्षेतला कण उपग्रहापेक्षा जलद फिरतो आणि त्याला मागे टाकून पुढे निघतो. निघताना उपग्रहाच्या ओढीने त्याची वाट वाकते आणि पुढे पळण्याचा त्याचा वेग किंचित घटतो. वेग घटलेला कण आपल्या कक्षेत टिकत नाही, आत घसरतो. बाहेरच्या कणाचे उलटे. तो संथ असतो, उपग्रहच त्याला ओलांडून जातो आणि जाता जाता थोडा पुढे खेचतो. ही उसनी मिळालेली गती त्याला आणखी बाहेर नेते. एका भेटीत फरक नगण्य, पण अशा भेटी लाखो वेळा होतात. ओढणारे बल शेवटी ढकलल्यासारखे काम करते ते असे.

शनीच्या कड्यांत हा प्रकार उघड दिसतो. कीलर नावाची सुमारे 40 किलोमीटर रुंद फट आहे आणि तिच्यात डॅफ्निस हा जेमतेम 8 किलोमीटरचा बटाट्यासारखा उपग्रह फिरतो. कॅसिनी यानाच्या छायाचित्रांत फटीच्या दोन्ही काठांवर लाटा उठलेल्या दिसतात. आतल्या काठावर उपग्रहाच्या पुढे, बाहेरच्या काठावर मागे. आतला काठ जलद आणि बाहेरचा संथ असल्याने त्या अशाच दिसायला हव्यात. 2009 मध्ये शनीवर विषुवदिन होता तेव्हा सूर्यकिरण कड्यांना घासून जात होते. त्या तिरप्या उजेडात लाटांच्या सावल्या लांबवर पडल्या आणि त्यांवरून लाटांची उंची काढता आली. कडे स्वतः दहाएक मीटर जाडीचे, आणि लाटा दीड किलोमीटरपर्यंत उंच.

उपग्रहाच्या जागी ग्रह ठेवला, कड्याच्या जागी ताऱ्याभोवतीची तबकडी, तर गणित तेच राहते. केंब्रिजमध्ये डग्लस लिन आणि जॉन पापालोइझू यांनी 1979 पासून हे काम हाती घेतले आणि 1986 पर्यंत त्याला पक्के रूप दिले. तबकडीत वायू असतो, म्हणून ग्रहाच्या ओढीने सर्पिल लाटा उठतात आणि गती इकडून तिकडे नेतात. वायूचा चिकटपणा फट बुजवू पाहतो, ग्रह ती उघडू पाहतो. या रस्सीखेचीत पृथ्वीएवढा ग्रह हरतो. शनी किंवा गुरूएवढा जिंकतो. गोल्डराइक आणि ट्रेमेन यांनी 1980 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली होती. ग्रह तबकडीला ढकलतो तसे तबकडीही ग्रहाला ढकलते, आणि बाल-गुरू काही हजार वर्षांतच आपल्या जागेवरून लक्षणीय सरकू शकतो. हे हिशोब तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाहीत. 1995 मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना आपल्या ताऱ्याला सव्वाचार दिवसांत फेरी घालणारा गुरूसदृश ग्रह सापडला, तेव्हा तो तिथे पोहोचला कसा हे सांगायला तेच जुने गणित कामी आले.

धूळ प्रत्यक्ष दिसली ती योगायोगाने. 25 जानेवारी 1983 रोजी अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा आयरास हा उपग्रह अवरक्त किरणांत आकाशाची पाहणी करण्यासाठी सुटला. उपकरणे जुळवून घेण्यासाठी ओळखीचा तारा लागतो. निवड झाली अभिजितची. अभिजित म्हणजे खगोलशास्त्रज्ञांचे जुने माप, इतर ताऱ्यांच्या तेजस्वितेची तुलना त्याच्याशी करायची. पण जॉर्ज ऑमन आणि फ्रेड गिलेट यांच्यापुढे आलेले आकडे जुळेनात. लांब तरंगलांबीत अभिजित अपेक्षेपेक्षा कितीतरी प्रखर होता. उपकरणात दोष नव्हता. ताऱ्याभोवती उणे 190 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंड धूळ होती आणि ताऱ्याच्या उजेडाने ऊब घेऊन तीच अवरक्त किरण सोडत होती. फोमलहॉट, एप्सिलॉन एरिडानी आणि बीटा पिक्टोरिस या ताऱ्यांचेही तसेच निघाले. नोव्हेंबरात उपकरणे थंड ठेवणारे उपग्रहावरचे हीलियम संपले आणि पाहणी थांबली. तोवर खगोलशास्त्राला एक नवे दालन मिळाले होते.

आयरासला धुळीची ऊब कळत होती, आकार कळत नव्हता. तो दाखवला ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी. स्मिथ व्हॉयेजरच्या छायाचित्र-गटाचे प्रमुख. ग्रहांभोवतीच्या कड्यांचा सराव असलेले हे लोक 1984 मध्ये चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेच्या अडीच मीटर दुर्बिणीवर करोनाग्राफ घेऊन गेले. करोनाग्राफ म्हणजे ताऱ्यावर धरलेली टिकली. 1930 च्या सुमारास बर्नार लिओ यांनी तो सूर्यासाठी बनवला होता. भारताच्या आदित्य एल-1 यानावरचे एक उपकरण याच जातीचे आहे. ताऱ्याचा झगझगाट झाकला की शेजारचे मिणमिणते काही दिसू शकते. उरलेली आभा घालवण्यासाठी दोघांनी शेजारच्या अल्फा पिक्टोरिसचे चित्र घेऊन त्याच्याशी तुलना केली. बीटा पिक्टोरिसच्या दोन्ही बाजूंना उजेडाची एक सरळ काडी उरली. ती तबकडीच होती, पृथ्वीवरून नेमकी कडेने दिसणारी, म्हणून काडीसारखी. पृथ्वी-सूर्य अंतराच्या, म्हणजे खगोलीय एककाच्या, सुमारे 400 पट लांबवर ती दोन्हीकडे पसरलेली होती.

हा तारा महाराष्ट्रातूनही दिसतो. हिवाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ अगस्त्य वर आला की त्याच्या थोडा उजवीकडे, चित्रफलक या तारकासमूहात, तो शोधावा. मात्र आकाश काळेभोर हवे. अंतर सुमारे 63 प्रकाशवर्षे, वय दोन कोटी वर्षांच्या आसपास. या वयात मूळचा वायू संपलेला असतो. उरलेली धूळही जन्माच्या वेळची नसते. ताऱ्याचा प्रकाश बारीक कणांना बाहेर उडवून देतो, म्हणून ती सतत नव्याने तयार व्हावी लागते, आणि ती होते धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यासारख्या पिंडांच्या टकरींतून. तिला ढिगाऱ्याची तबकडी म्हणतात. वायूने भरलेल्या तान्ह्या तबकडीपासून ती वेगळी धरली पाहिजे, कारण दोघींत ग्रहाच्या खुणा वेगवेगळ्या रीतीने उमटतात.

1990 च्या दशकात हबल दुर्बिणीला बीटा पिक्टोरिसच्या तबकडीचा आतला भाग मुरडलेला दिसला. बाहेरच्या पातळीशी तो चारपाच अंशांचा कोन करत होता. एखादा अवजड ग्रह तबकडीच्या पातळीत न फिरता किंचित तिरका फिरत असेल, तर जवळच्या पिंडांच्या कक्षा तो आधी आपल्या पातळीकडे वळवतो आणि ही मुरड काळाबरोबर बाहेर सरकत जाते. मुरड आज कुठवर पोहोचली आणि ताऱ्याचे वय किती, यावरून 1997 मध्ये फ्रेंच गटाने ग्रहाचा अंदाज बांधला. ग्रह दिसला नव्हता, त्याच्या कामाची खूण तेवढी दिसली होती.

आन-मारी लाग्रांज यांचा गट या ताऱ्यामागे 1980 च्या दशकापासून होता. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या 8.2 मीटर दुर्बिणीने नोव्हेंबर 2003 मध्ये घेतलेली चित्रे त्यांनी 2008 मध्ये नव्या पद्धतीने तपासली आणि ताऱ्याच्या अगदी जवळ, तबकडीच्याच रेषेत, एक ठिपका सापडला. मागचा कुठला तरी दूरचा ताराही तो असू शकत होता. 2009 च्या सुरुवातीला पुन्हा पाहिले तर ठिपका गायब. शरदापर्यंत वाट पाहिली, आणि तो ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. मागचा तारा असे करत नाही. बीटा पिक्टोरिस बी हा गुरूच्या दहाएक पट जड ग्रह ताऱ्यापासून जवळपास 10 खगोलीय एककांवर फिरतो, आणि त्याची कक्षा तबकडीच्या मुख्य पातळीत नसून मुरडलेल्या भागाशी जुळते. खुणेवरून बांधलेला अंदाज प्रत्यक्ष ग्रहाने खरा करावा, अशी उदाहरणे या विषयात फार नाहीत. त्याच ताऱ्याचा आणखी आतला दुसरा ग्रह 2019 मध्ये सापडला.

फोमलहॉटने मात्र उलटा धडा दिला. त्याच्याभोवतीचे धुळीचे कडे हबलने 2005 मध्ये टिपले. कड्याचा मध्य ताऱ्यावर नव्हता, 15 खगोलीय एकके बाजूला होता, आणि आतली कडा रेखीव होती. आत ग्रह असणार, असा तर्क रास्तच होता. नोव्हेंबर 2008 मध्ये पॉल कॅलस यांच्या गटाने कड्याच्या आत सरकणारा ठिपका जाहीर केला आणि तो जगभर गाजला. पण कोवळा राक्षसी ग्रह तापलेला असतो, तो अवरक्त किरणांत झळकायला हवा. हा ठिपका तिथे दिसेना. त्याची कक्षा कडे कापून जाणारी निघाली. पुढे तो फिका होत होत नाहीसाच झाला. 2020 मध्ये आंद्रास गास्पार आणि जॉर्ज रीके यांनी सगळी चित्रे जुळवून दाखवले की तो ग्रह नव्हता. दोन मोठे बर्फाळ पिंड आपटून उडालेला, पसरत जाणारा धुरळा होता.

तान्ह्या तबकड्यांची कथा याच काळात दुसऱ्या धाग्याने चालली होती. त्या शेकडो प्रकाशवर्षे दूर, म्हणून त्यांचे चित्र घेणे अवघड. हाती असायचा फक्त वर्णपट. ताऱ्याजवळची गरम धूळ अवरक्ताच्या आखूड लांबीत चमकते, दूरची थंड धूळ लांब लांबीत. काही ताऱ्यांच्या आलेखात लांब लांबीचा प्रकाश भरपूर आणि आखूड लांबीचा गायब, असा खड्डा दिसे. अर्थ एवढाच, की तबकडीला मधोमध भोक आहे. 1989 मध्ये अशा तबकड्यांचा वेगळा गट मानला गेला आणि त्यांना संक्रमणी म्हणू लागले. भोक कोणी पाडले असेल, तर पहिला संशय ग्रहावर.

स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने 2004 मध्ये वृषभ राशीतल्या कोकू टॉ 4 या ताऱ्याचा वर्णपट घेतला तेव्हा भोकाची कड कमालीची स्वच्छ होती. जेमतेम दहा लाख वर्षांच्या ताऱ्याभोवती ग्रह, अशी बातमी झाली. ग्रहाच्या वस्तुमानाचे अंदाजही छापले गेले. 2008 मध्ये मायकेल आयर्लंड आणि अ‍ॅडम क्राउस यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने बारकाईने पाहिले तर मधोमध एक नव्हे, दोन तारे निघाले. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीनेच आतली धूळ साफ केली होती. भोक खरे, गणितही खरे, फक्त आरोपी चुकला. तेव्हापासून पोकळी दिसली की आधी जोडतारा आहे का ते तपासण्याचा शिरस्ता पडला.

धूळ आणि वायू एकसारखे वागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागले. वायूला स्वतःचा दाब असतो, त्या आधारावर तो ताऱ्याभोवती किंचित संथ फिरतो. धुळीच्या कणाला हा आधार नाही. तो वायूपेक्षा जलद फिरतो, म्हणून त्याला सतत समोरून वारा लागतो. वाऱ्याने गती घटते आणि कण ताऱ्याकडे घसरत जातो. स्टुअर्ट वायडेनशिलिंग यांनी 1977 मध्ये हिशोब मांडला: पृथ्वीच्या अंतरावरचा मीटरभर व्यासाचा धोंडा शंभरेक वर्षांत ताऱ्यात जाऊन पडेल. ग्रहांचा कच्चा माल असा वाहून जाणार असेल तर ग्रह घडणार कसे? सुटकेची वाट फ्रेड व्हिपल यांनी 1972 मध्येच दाखवली होती. जिथे वायूचा दाब आजूबाजूपेक्षा जास्त असतो, तिथे समोरचा वारा थांबतो आणि धूळ अडकून राहते, बंधाऱ्यामागे गाळ साठावा तशी. राक्षसी ग्रहाने फट पाडली की तिच्या बाहेरच्या काठावर नेमका असा दाबाचा उंचवटा तयार होतो. मिलिमीटरभर कण तिथे अडतात, धुरासारखी बारीक धूळ वायूबरोबर आत निसटते. म्हणून एकाच तबकडीचे भोक वेगवेगळ्या तरंगलांबीत लहानमोठे दिसते, आणि हा फरक ग्रहाच्या बाजूने चांगला पुरावा ठरतो.

असा सापळा 2013 मध्ये लायडनच्या संशोधक विद्यार्थिनी निन्के फान डर मारेल यांनी भुजंगधारीतल्या आयआरएस 48 या ताऱ्याभोवती दाखवला. वायू आणि बारीक धूळ पूर्ण वर्तुळात, पण मिलिमीटरचे कण सगळे एकाच बाजूला, काजूच्या आकाराच्या ढिगात. फटीच्या काठी वायूचा भोवरा उठला की असे होते.

हे ज्या उपकरणाने दिसले, त्याने पुढे सगळा विषयच बदलला. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून 5,000 मीटर उंचीवर, आल्मा या दुर्बिणीच्या 66 अँटेना उभ्या आहेत. अनेक लहान अँटेना दूरदूर मांडायच्या आणि त्यांचे संदेश एकत्र करून एकाच प्रचंड दुर्बिणीचे काम घ्यायचे, हे तत्त्व नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीत मराठी वाचकाने पाहिलेले असते. फरक तरंगलांबीचा. खोडदच्या 30 अँटेना मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात, आल्मा मिलिमीटर आणि त्याहून आखूड. थंड धूळ याच लहरींत बोलते, आणि हवेतली वाफ त्या गिळून टाकते, म्हणून एवढ्या उंचावर जावे लागले.

2014 च्या शरदात आल्माच्या अँटेना प्रथमच 15 किलोमीटर अंतरापर्यंत पांगवून चाचणी घेण्यात आली. चाचणीसाठी निवडलेल्या लक्ष्यांत वृषभ राशीतला, 450 प्रकाशवर्षे दूरचा एचएल टॉ हा तारा होता. 6 नोव्हेंबरला चित्र प्रसिद्ध झाले. ग्रामोफोनच्या तबकडीवर खाचा असाव्यात तशी, एकात एक बसवलेली, चमकती आणि काळी कडी. तपशील इतका स्वच्छ, की पाहणाऱ्याला ते संगणकाने काढलेले चित्र वाटावे.

अडचण ताऱ्याच्या वयाची होती: दहा लाख वर्षे, कदाचित त्याहून कमी. राक्षसी ग्रह घडायला याहून बराच जास्त काळ लागतो, असे पाठ्यपुस्तकी मत होते. काहींनी शनीएवढे तीन ग्रह कल्पून चित्र जुळवून दाखवले. इतरांनी 2015 मध्येच आक्षेप घेतला की फटी ज्या अंतरांवर आहेत तिथे पाणी आणि इतर पदार्थ गोठतात. गोठण्याच्या सीमेवर कणांचा चिकटपणा आणि आकार बदलतो, आणि ग्रहाशिवायही कडी दिसू शकतात. तिसऱ्या मताने चुंबकीय क्षेत्राकडे बोट दाखवले. एचएल टॉच्या फटींत ग्रहाचे चित्र अजून मिळालेले नाही. 2018 मध्ये शॉन अँड्र्यूज यांच्या गटाने आल्माने 20 तबकड्या सारख्याच बारकाईने पाहिल्या. कडी जवळपास सगळीकडे होती, पण प्रत्येक ताऱ्याभोवती वेगळ्या अंतरावर. गोठणसीमा ताऱ्याच्या उजेडाने ठरतात, त्यांच्याशी कड्यांचा मेळ बसायला हवा होता. तो बसला नाही. ग्रहांचे पारडे त्यामुळे जड झाले, निकाल लागला असे नाही.

त्याच वर्षी धूळ सोडून वायूकडे पाहण्याची युक्ती फळली. कार्बन मोनॉक्साइडच्या लहरींवरून तबकडीतल्या वायूचा वेग जागोजागी मोजता येतो. एचडी 163296 या ताऱ्याभोवती क्रिस्तॉफ पिंत यांच्या गटाला वेगाच्या नकाशात एके ठिकाणी पीळ दिसला, नदीच्या सरळ धारेत पाण्याखालचा खडक कळावा तसा. ताऱ्यापासून 260 खगोलीय एककांवर गुरूच्या दुप्पट वजनाचा ग्रह तिथे असावा, असा त्यांचा हिशोब. रिचर्ड टीग यांच्या गटाने त्याच तबकडीत दाबाच्या फरकांवरून आणखी आत दोन ग्रह मोजले. गोठणसीमा धुळीला फसवू शकते. वायूच्या धारेला असा पीळ घालायला वस्तुमान लागते.

आणि त्याच जुलैत ग्रह दिसला. नरतुरंगातला पीडीएस 70 हा सूर्यापेक्षा थोडा लहान तारा, अंतर 370 प्रकाशवर्षे, वय सुमारे 54 लाख वर्षे. त्याच्या तबकडीत मोठी पोकळी असल्याचे ठाऊक होते. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मिरियम केप्लर यांच्या गटाने चिलीतल्या स्फिअर या उपकरणाने टिकलीआड तारा झाकून पोकळीत पाहिले, तर ताऱ्यापासून युरेनसच्या अंतरावर एक तेजस्वी बिंदू होता. तापमान हजार अंशांच्या घरात, वजन गुरूच्या काही पट. हायड्रोजनच्या तांबड्या रेषेतही तो चमकत होता. आजूबाजूचा वायू वेगाने कोसळत असला की ही रेषा उजळते, म्हणजे ग्रहाचे जेवण अजून चालू होते. पण एवढी रुंद पोकळी एकट्याने पाडणे त्याला शक्य दिसेना. 2019 मध्ये दुसरा ग्रह सापडला, पोकळीच्या बाहेरच्या काठालगत. पहिला जवळपास दोन फेऱ्या घालतो तेवढ्यात हा एक घालतो. दोघांच्या फटी एकत्र होऊन पोकळी झाली, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

दुसऱ्या ग्रहाभोवती आल्माला धुळीचा एक पुंजका आढळला आणि मिरियम बेनिस्ती यांच्या गटाने 2021 मध्ये तो ग्रहाचीच स्वतंत्र तबकडी असल्याचे पक्के केले. व्यास साधारण एक खगोलीय एकक, आणि धूळ आपल्या चंद्राएवढे तीन उपग्रह घडवायला पुरेल इतकी. ग्रहाने पाडलेल्या पोकळीत ग्रहाभोवती दुसरी तबकडी, असा हा सगळा मामला आहे.

आपल्या सूर्याच्या तबकडीचे काय झाले, हे पाहायला दुर्बीण उपयोगाची नाही, उल्कापाषाण लागतात. मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांच्या समस्थानिकांची प्रमाणे तपासली तर पाषाण दोन गटांत पडतात, आणि मधले कोणी सापडत नाही. म्हणजे दोन्ही गटांचा माल एकाच तबकडीत, एकाच काळात, पण एकमेकांत न मिसळता राहिला. टोमास क्राउयर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये याचे श्रेय गुरूला दिले. पहिल्या दहा लाख वर्षांतच गुरूचा गाभा पृथ्वीच्या वीसेक पट झाला, आणि त्या वजनाला बाहेरचे खडे आत येण्याची वाट अडते. गुरूशिवायच दाबाचा उंचवटा तयार झाला असावा, असेही मानणारे आहेत. कोणतेही मत खरे धरले तरी बंधारा तोच.

राहिली होती ती कड्यांमधली फट आणि तिच्यात बसलेला ग्रह, ही जोडी. पीडीएस 70 ची पोकळी मोठी, एचएल टॉसारख्या खाचा तिथे नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये लायडनच्या रिचेल फान कॅपेलेफेन आणि अ‍ॅरिझोनाचे लेअर्ड क्लोज यांच्या गटांनी ती भेट घडवली. विस्पिट 2 हा सूर्यासारखा तारा, वय पन्नास लाख वर्षांच्या आसपास, भोवती एकाबाहेर एक अनेक कडी. ताऱ्यापासून सत्तावन्नाव्या खगोलीय एककाजवळच्या स्वच्छ काळ्या फटीत गुरूच्या पाचपट वजनाचा ग्रह दिसला. अवरक्तात त्याची ऊब दिसली, आणि तांबड्या रेषेत त्याच्यावर कोसळणारा वायू. तांबड्या रेषेतले वेध लास कॅम्पानासच्या साडेसहा मीटर दुर्बिणीवर घेतले होते, म्हणजे स्मिथ आणि टेरिल 1984 मध्ये करोनाग्राफ घेऊन गेले त्याच डोंगरावर. ताऱ्याच्या आणखी जवळ, पंधराएक खगोलीय एककांवर, दुसरा एक बिंदूही त्या चित्रांत होता. शोधनिबंधात त्याला ग्रह म्हटले नाही. ‘उमेदवार’ एवढीच नोंद केली.